१७५/६५ चे टायर घेऊ नका

ती. आई व अण्णांस,
सा. न.

अण्णा, लातूरच्या दुकानदाराने दाखवलेले टायर १७५/६५ आर १४ आहेत. आपल्या स्विफ्टला १६५/८० आर १४ लागतात. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर आहे, त्यावर बघा. "दोन्ही चौदाचेच, बसतात" हे त्याचं म्हणणं खोटं नाही. बसतील, पण गाडी ठेंगणी होईल.

पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रिमच्या कडेपासून टायरची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. चौदा हे रिमचे इंच, म्हणजे ३५५.६ मिमी. आता हिशेब करा. १६५ चे ८० टक्के १३२. वरची-खालची बाजू धरून २६४, त्यात रिम मिळवली की ६१९.६. त्याच्या टायरचे ११३.७५ दुणे २२७.५, एकूण ५८३.१. व्यास साडेछत्तीस मिमीने, म्हणजे जवळपास सहा टक्क्यांनी कमी. वरच्या मॉडेलच्या स्विफ्टला १८५/६५ आर १५ येतो, त्याचा व्यास ६२१.५. कंपनीनेसुद्धा रुंदी बदलली, रिम बदलली, व्यास तेवढाच ठेवला.

व्यास घटला की गाडीचं पोट १८ मिमीने खाली येतं. औश्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेत. पाच माणसं बसली की सायलेन्सर घासणार. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी ९४ वर असेल. मीटरवर किलोमीटरही खऱ्यापेक्षा जास्त पडतील, त्यामुळे ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटेल. दुकानदार हेच कौतुकाने सांगेल, त्याला भुलू नका. प्रत्यक्षात एका किलोमीटरला चाकाच्या ५१४ ऐवजी ५४६ फेऱ्या होतात, तेवढंच इंजिनही जास्त फिरतं.

टायरवर मापाच्या पुढे लिहिलेला भाराचा आकडाही बघा. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलोचा भार, ८२ म्हणजे ४७५. १७५/६५ वर बहुधा ८२ असतो. गाडी त्यावरही उभी राहील, पण तुळजापूरला सगळे सामानासकट निघालो, वर मे महिन्याचं ऊन आणि हवा थोडी कमी, की ही राखीव ताकदच कामी येते. टायर फुटतो तो बहुतेक कमी हवेने: बाजू सारखी दुमडते, तापते, आतले धागे सुटतात.

त्याच्या मापाचे दोनच टायर टाकून दोन जुने ठेवावेत, असंही मनात आणू नका. पुढचे-मागचे वेगळ्या व्यासाचे झाले की एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर गोंधळतात. एकाच ॲक्सलवर दोन मापं तर मुळीच नकोत, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही झिजत राहतो. दोनच घ्यायचे असतील तर मूळ मापाचे घ्या आणि नवे मागे टाका. पावसात मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते. पुढच्यांची सुटली तर निदान स्टेअरिंगवर कळतं.

पैसे वाचवायचेच तर १६५/८० मध्येच भाव करा, हे माप कुठेही मिळतं. १८५/७० आर १४ चा व्यास ६१४.६, तो चालू शकतो. पण स्टेअरिंग जड होतं आणि स्वस्तही क्वचितच पडतो.

दुसऱ्या गाडीवरून उतरवलेले जुने टायर मूळ मापाचे मिळाले, तरी बाजूवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचा. १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. पाच वर्षांवरचा नको, नक्षी कितीही खोल असू दे. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं. आत हात फिरवा. काळी भुकटी किंवा गोल वळ लागला तर तो बिनहवेचा चालवलेला आहे. बाजूवर पंक्चर काढलेलं असेल तर तिथूनच परत फिरा.

नवे टाकताना व्हॉल्व्हही नवे घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पुढे दर १० हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे. हवा सकाळी, गाडी निघायच्या आत बघा आणि स्टिकरवरच्या आकड्याएवढीच भरा. दुपारी तापलेल्या टायरात जास्त दिसली म्हणून सोडू नका, गार झाल्यावर तीच कमी पडते.

आई, अण्णा स्टेपनी विसरतात. तिची हवा बघायला तूच सांग.

तुमचा,
संजू