छपाईच्या प्रेसवाल्या काकांना, माझ्या धंद्याच्या त्या १२० कार्डांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

परवा चंदगडहून एक बाई आल्या होत्या. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला केक हवा होता. वडगावच्या कोपऱ्यावरून त्यांनी फोन केला, मी खाली जाऊन त्यांना घरी घेऊन आले. बसल्यावर त्यांनी पर्समधून माझं कार्ड काढलं. कोपरे मऊ पडलेले, मधोमध घडी, आणि मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात बॉलपेननं लिहिलेलं, "अर्धा किलो, अंडं नाही, रविवार सकाळ." हे कार्ड मी त्यांना दिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी ते खानापूरच्या एका गिऱ्हाइकाला दिलं होतं. तिथून हातोहात फिरत ते चंदगडला पोचलं आणि परत माझ्या दारात आलं. घडी पडली होती, पण अक्षर ना अक्षर वाचता येत होतं. बाई ऑर्डर देऊन गेल्या आणि मी ओट्याशी उभी राहून तुमचाच विचार करत बसले.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे की ओ" म्हणता आणि कटिंग मशीनकडे वळता. म्हणून हे सगळं लिहून काढते आहे, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहिते आहे. आपल्या बेळगावात, निपाणीत, खानापुरात माझ्यासारख्या घरी केक-बिस्किटं करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांनाही उपयोगी पडेल.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझा जीव आधीच पोळलेला होता. घरातला विणकामाचा माग बंद पडल्यावर मी छोटा ओव्हन घेतला, नानकटाई आणि बिनअंड्याचे केक करायला लागले. शेजारपाजारच्या ऑर्डरी मिळाल्या की वाटायचं आता कार्ड पाहिजे. दुसऱ्या एका ठिकाणी पाचशे कार्डं करून घेतली होती. चॉकलेटी रंगावर बारीक पांढरी अक्षरं, दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन, कोपऱ्यात केकचा फोटो. हातात आली तेव्हा "मिळतील"ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेली, "ऑर्डरप्रमाणे"तलं जोडाक्षर फुटलेलं, आणि फोन नंबरातला ८ आहे की ३ हे मलासुद्धा ओळखता येईना. विचारायला गेले तर ते म्हणाले, "तुम्हीच ओके म्हणालात." मी म्हणाले होते खरी. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर बघून म्हणाले होते. गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरीतून साठवलेले पैसे त्यात गेले, आणि ते मला फार लागलं. आजही आठवलं की लागतं.

म्हणून तुमच्या दुकानात पाय ठेवताना ठरवूनच आले होते की या खेपेला भारी कागद, भारी छपाई, हजार कार्डं. दोन हजार रुपये पदराला बांधून आले होते.

तुम्ही ती ऑर्डर घेतलीच नाही.

आधी जुनं कार्ड मागून घेतलंत. चष्मा कपाळावर सरकवलात, खणातून भिंग काढलंत आणि ते कार्ड माझ्याच डोळ्यांपुढे धरलंत. त्या भिंगातून मला पहिल्यांदा दिसलं की चॉकलेटी रंग चॉकलेटी नसतोच. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे ठिपके एकमेकांवर बसवलेले असतात, आणि त्यातला एक जरी केसभर सरकला की मधली पांढरी फट बुजते. "इंग्रजीचं एकवेळ निभावतं," तुम्ही म्हणालात, "आपल्या अक्षराला डोक्यावर रेघ, खाली उकार, पोटात जोडाक्षर. एवढ्या बारक्यात शाई शिरली की झालं." मग नियम सांगितलात तो मी वहीत लिहून ठेवलाय. बारीक मजकूर नेहमी पांढऱ्या कागदावर, निव्वळ काळ्या शाईत. रंग हवा असेल तर मोठ्या नावाला.

वेलांटीचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. फोनवर आपण टाइप करतो ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, आणि पुष्कळ ठिकाणी डिझाइनचं जुनं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टवर चालतं. एकातून उचलून दुसऱ्यात टाकलं की ऱ्हस्व वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडतात. म्हणून तुमचा आग्रह की प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, कागदावरच काढायचं, खऱ्या मापात, साडेतीन इंच बाय दोन इंच, आणि एक एक अक्षर बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं. फोन नंबर तर उलटा, शेवटून पुढे वाचायला लावलात. मी वाचला. मग म्हणालात, "आता त्या नंबरावर फोन लावा." माझा फोन माझ्याच पिशवीत वाजला तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुम्ही केलेलं पैशांचं गणित. हजार कार्डांना कार्डामागे खर्च कमी येतो, हे मी सगळीकडून ऐकलं होतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. फक्त विचारलंत, "महिन्याला किती गिऱ्हाईक नवं येतं?" मी म्हटलं, दहा-बारा. "मग हजार कार्डं सात-आठ वर्षं पुरतील की. तोवर नंबर बदलेल, भाव बदलेल, तुमचा मालही बदलेल. आठशे माळ्यावर टाकायची असली तर हजार छापून स्वस्त काय पडलं?" आणि डिजिटल मशीनवर काढायचं ठरवलंत. बारा बाय अठरा इंचांच्या एका शीटमध्ये २४ कार्डं बसतात, पाच शीट काढल्या की १२०. दोन्ही बाजूंची छपाई आणि कटिंग धरून तुम्ही माझ्याकडून अडीचशेसुद्धा घेतले नाहीत. उरलेल्या पैशांतून मी चांगला वजनकाटा आणि दोन टिन घेतले. तो काटा आजही ओट्यावर आहे.

लॅमिनेशन नको, हेही तुमचंच. मला वाटायचं चकाकी म्हणजे ऐपत. तुम्ही तुमच्या खिशातलं पेन माझ्या जुन्या कार्डावर फिरवून दाखवलंत, नुसता ओरखडा उठला. मग तीनशे जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, साध्या, बिनचकाकीच्या बोर्डाचा तुकडा दिलात. "तुमचा धंदा हातानं लिहायचा आहे. केव्हा केलं, वजन किती, अंडं आहे की नाही. मागची थोडी जागा मोकळी ठेवा आणि लिहून द्या." तेव्हापासून प्रत्येक खोक्याबरोबर एक लिहिलेलं कार्ड जातं. गिऱ्हाईक ते फ्रिजला लावून ठेवतं, कारण त्यावर त्याच्या उपयोगाचं काहीतरी असतं. चंदगडच्या बाईंकडे पोचलेलं कार्ड त्यातलंच.

फोटोला मात्र मी अडून बसले होते. व्हॉट्सॲपवरून आलेला माझ्या कुंदा-केकचा फोटो मला हवाच होता. आपल्या बेळगावचा कुंदा, दूध आटवून केलेली मिठाई, केकच्या थरात घालायची कल्पना माझी, त्याचा मला अभिमान. तुम्ही वाद घातला नाहीत. तोच फोटो एका कागदावर काढून माझ्या हातात ठेवलात. फोनवर सोन्यासारखा दिसणारा कुंदा कागदावर मातीच्या रंगाचा आणि कडा फाटलेल्या. पाठवताना फोटो बारीक होतो आणि पडद्यावर उजेड असतो, कागदावर नुसती शाई, हे तुम्ही सांगितलंत ते खरं, पण तो कागद बघितल्यावर सांगायची गरज उरली नव्हती. फोटोच्या जागी क्यूआर आला. तो स्कॅन केला की थेट माझं व्हॉट्सॲप उघडतं आणि केकचे फोटो तिथं बघता येतात.

त्या क्यूआरचं तुम्ही काय केलंत तेही सांगते. बाजूनं पांढरी जागा सोडून, बोटाच्या पेराएवढा ठेवलात, आणि छापायच्या आधी चहावाल्या पोराला हाक मारलीत. त्याच्या फोनची काच तडकलेली. "याच्या फोनवर चाललं की बेळगावात सगळीकडं चाललं." पहिल्यांदा चाललं नाही. तुम्ही क्यूआर थोडा मोठा केलात, दुसरं प्रूफ काढलंत, त्याला परत बोलावलंत. तेव्हा चाललं. त्या पोराला तुम्ही चहाचे पैसे जास्तीचे दिलेत हे मी पाहिलं होतं.

आता भाषेचं. आपल्याकडे कार्ड म्हटलं की हा प्रश्न येतोच. माझं निम्मं गिऱ्हाईक मराठी, पण कपिलेश्वराकडून, अनगोळकडून, बैलहोंगलहून येणारी कितीतरी घरं कन्नड बोलणारी. मी सगळं एकाच बाजूला कोंबणार होते. तुम्ही म्हणालात, दोन्ही भाषांना आपापली बाजू द्या, कुणालाच अंग चोरून बसायला नको. एका बाजूला मराठीत मोठ्या अक्षरात "घरचे केक आणि नानकटाई, वडगाव, बेळगाव". दुसऱ्या बाजूला कन्नड. फोननं करून दिलेलं कन्नड मी घेऊन आले होते, ते वाचून तुमच्याकडचा बैलहोंगलचा मुलगा गालात हसला. मग त्यानं साधं लिहून दिलं, "मनेयल्ली माडिद केक". घरी केलेला केक, बस्स. मराठी बाजूला बेळगाव, कन्नड बाजूला बेळगावी. शहराचं नाव २०१४ साली कागदोपत्री बदललं तरी ज्याच्या तोंडी जे आहे ते तुम्ही तसंच राहू दिलंत. आमच्या गल्लीतल्या कन्नड मास्तरीणबाईंनी ते कार्ड वाचून स्वतःच्या शाळेत दहा जणींना दिलं.

घर नंबर छापू दिला नाहीत याबद्दल वेगळे आभार. दुपारी मी आणि सासूबाई दोघीच घरात असतो. "गल्लीचं नाव नको, वडगाव पुरे, यायचं त्यानं फोन करून यावं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली.

आणि तो चौदा आकडी नंबर. तुम्ही सहज विचारलंत, "एफएसएसएआयचा नंबर कुठं टाकू?" खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांचा तो सरकारी नोंदणी नंबर माझ्याकडे नव्हता. घरी करणाऱ्यांना तो लागतो हेच माहीत नव्हतं. मला वाटायचं ते हॉटेलवाल्यांचं काम. छोट्या धंद्यासाठी साधी नोंदणी असते, ऑनलाइन होते, फी तेव्हा वर्षाला शंभर रुपये होती, हे तुम्ही सांगितलंत आणि कार्डाचं काम नोंदणी होईपर्यंत थांबवलंत. तुमचा धंदा त्या दिवशी थांबला, माझा सुरळीत झाला. आज खोक्यावर तो नंबर आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका असतो. शाळेच्या ऑर्डरी मिळाल्या त्या तो नंबर बघूनच.

दिवाळीत कार्डं संपली तेव्हाची गोष्ट राहिलीच. लग्नपत्रिकांची कामं तुमच्या अंगावर आलेली, डिजिटलची शीट मिळायला दोन दिवस लागणार होते, आणि माझे साठ खोके दुसऱ्या दिवशी जायचे होते. तुम्ही टेबलाखालून पोतं ओढलंत. पत्रिकांच्या कात्रणाच्या पट्ट्या, मलईच्या रंगाचा जाड कागद. त्या एका मापात कापून दिल्यात आणि एक रबरी शिक्का करून दिलात, नाव आणि नंबर एवढाच. त्या रात्री सासूबाईंनी शिक्के मारले, मी पंचनं भोकं पाडली, मुलीनं लाल दोरा ओवला. तुम्ही बजावलं होतं तसं शाई पूर्ण वाळू दिली आणि कार्ड खोक्याच्या बाहेरच बांधलं, लोण्याचा हात लागला की शिक्क्याची शाई पसरते आणि खाण्याला तर ती लागताच कामा नये. कात्रणाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. लोकांना ती दोऱ्याची कार्डं इतकी आवडली की आता सणाला मी तीच वापरते. ज्या मैत्रिणींना छपाई परवडत नाही त्यांना मी आधी शिक्काच करून घ्या म्हणते.

काका, माझ्याकडून दोन हजार घेऊन तुम्ही मोकळे होऊ शकला असता. मी आनंदानं दिले असते. तुम्ही अडीचशेचं काम केलंत आणि त्यासाठी मला तीनदा बोलावून तीन दिवस दिलेत. मोठ्या पत्रिकांची गिऱ्हाइकं ताटकळत असताना माझं चार ओळींचं प्रूफ त्यांच्याआधी हातात घेतलंत. "बाईंना घरी जाऊन ओव्हन लावायचाय" असं त्यांना सांगितलंत. माझ्या कामाला काम म्हणणारे घराबाहेरचे पहिले तुम्ही.

बुधवारी मी येते आहे. आता २४० काढायची आहेत, दहा शीट. मराठी बाजूला "कुंदा-केक" वाढवायचं आहे आणि कन्नड बाजूला तो कसा लिहायचा ते तुमच्याकडच्या बैलहोंगलच्या मुलाला विचारून ठेवा. डब्यात नानकटाई आणते, वेलची घातलेली, तुम्हाला आवडते ती. चहावाल्या पोरालाही थांबवून ठेवा, क्यूआर बदललाय. आणि या खेपेला कटिंगचे पैसे पुरते घ्या.

आपली,
वडगावची केकवाली