बंदीनंतर लिथियम बॅटरी लगेच भंगारात काढू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, होड्या दर्यात गेल्या, तुमच्या पेपरात फोटो पण आले, बरं वाटलं. पण त्याच आठवड्यात इथे हर्णैला माझी होडी वाळूतच बसून होती, कारण काय तर बॅटरी. इंजिन ओके, जाळी तयार, बर्फ सांगून ठेवलेला, आणि जीपीएस आणि फिश फाइंडर (मासे कुठे आहेत ते दाखवणारं यंत्र) चालूच होईना, लाइट पण नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण माझ्यासारखे बरेच जण असणार.

आधी आमच्याकडे सगळे अॅसिडची बॅटरी वापरायचे, जड धूड, दर महिन्याला डिस्टिल वॉटर घाला. दोन वर्षांपूर्वी मी लिथियम घेतली, १०० अँपिअर अवरची, म्हणजे १० अँपिअर ओढले तर दहा तास चालेल अशी, बावीस हजार मोजले. एका हाताने उचलता येते आणि पाणीबिणी काही नाही, खूश होतो. ३१ मे ला होडी वर ओढली, ताडपत्री टाकली, मेन स्विच बंद केला आणि बॅटरी होडीतच ठेवली. ही चूक माझी, ती आधीच कबूल करतो.

दोन महिन्यांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला तर ०.७ व्होल्ट, तेराच्या आसपास हवे तिथे. घरचा चार्जर लावला तर त्याचा हिरवा दिवा तसाच, बॅटरी लागलीय हे त्याला कळतच नाही. दुकानात नेली. त्यांनी अॅसिडच्या बॅटरीचा लोड टेस्टर लावला, काटा जागचा हलला नाही, म्हणाले डेड झाली, नवीन घ्या, जुनीचे पाचशे देतो. अॅसिडची असती तर शिशाचे तरी बरे पैसे आले असते, लिथियमला भंगारवाला पण विचारत नाही. मी जवळजवळ नवीन घेणारच होतो पण रत्नागिरीला सोलर फिटिंगचं काम करणारा भाचा म्हणाला मामा दोन दिवस थांबा, मी येतो.

तो आला आणि पहिलं काय केलं तर टर्मिनल पॉलिश पेपरने घासली. खाऱ्या हवेने लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पट्टीवर, हिरवट थर आला होता, तो असला की मीटर काहीही दाखवतो. घासून परत बघितलं, तरी ०.७ च. मग त्याने समजावलं ते असं, की या बॅटरीत आत ३.२ व्होल्टचे चार सेल असतात आणि त्यांच्यावर एक राखणदार सर्किट, त्याला बीएमएस म्हणतात. सेल फार खाली गेले, म्हणजे एकेक अडीच व्होल्टच्या आसपास आला, की हे सर्किट बाहेरचा रस्ता बंद करतं. मग बाहेरून बॅटरी मेल्यासारखी दिसते पण आत चार्ज थोडा शिल्लक असतो. आणि साधा चार्जर आधी व्होल्टेज बघतो, ते दिसलं नाही की सुरूच होत नाही. म्हणजे बॅटरी दार उघडत नाही आणि चार्जर कडी वाजवत नाही, असं बसलेलं सगळं.

उठवायचं कसं, तर त्याने स्वतःची दुसरी चांगली १२.८ व्होल्टची लिथियम बॅटरी शेजारी ठेवली. मायनसला मायनस सरळ जोडला, पण प्लसला प्लस सरळ नाही, मधे १५ अँपिअरचा फ्यूज आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब. बल्ब कशाला तर एकदम जोरात करंट घुसू नये म्हणून. जोडल्यावर बल्ब निखाऱ्यासारखा लालसर पेटला, झगझगीत नाही. दहा मिनिटं आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, चहा गार झाला. मग वायर काढली आणि मीटर लावला तर १०.८. लगेच त्याचा लिथियमचा चार्जर ५ अँपिअरवर लावला आणि पंधरा-वीस मिनिटांत १२ च्या वर गेली. सगळा वेळ तो अधूनमधून हात लावून बघत होता गरम होतेय का, फुगतेय का.

आता एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो, नाहीतर माझं वाचून कोणीतरी भलतंच करेल. उठवल्यावर जर ८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल, म्हणजे सेलमागे दोन पण नाहीत, तर तिथेच थांबा, तिच्यावर चार्जर लावू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलमधे आतलं तांबं विरघळू शकतं, पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. फुगलेली, पाण्यात बुडालेली, वास येणारी बॅटरी तर घरात पण आणू नका. आणि अॅसिडच्या बॅटरीच्या चार्जरवर ते बूस्टचं किंवा डीसल्फेशनचं बटण असतं ना, ते लिथियमवर अजिबात दाबायचं नाही, व्होल्टेज फार वर जातं आणि बीएमएस उडू शकतं. आमच्या वाडीतल्या एकाने तेच केलं, त्याची बॅटरी आता खरंच गेली.

उठली म्हणजे ठीक आहे असं पण नाही. लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ एकाच जागी असतं, १३.२ दाखवलं तर सत्तर टक्के पण असेल नाहीतर पन्नास पण. म्हणून पूर्ण १४.४ पर्यंत चार्ज करून रात्रभर ठेवली, सकाळी १३.४ होती, मग ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब लावून मधे मीटर जोडला. ९ अँपिअर ओढत होते आणि साधारण सव्वादहा तास चालले, म्हणजे ९२ अँपिअर अवरच्या आसपास. १०० ची ९२ देतेय, दोन वर्षं वापरून आणि एकदा तळाला जाऊन. ही बॅटरी मी पाचशेला देणार होतो!

आणि रिकामी कशाने झाली ते ऐका. मोबाइल चार्जिंगचं ते यूएसबी सॉकेट, ज्यावर व्होल्टेजचा निळा आकडा दिसतो, ते मी हौसेने मागाहून बसवलेलं. भाच्याने वायर चाचपली आणि म्हणाला मामा, ही मेन स्विचच्या आधी जोडलीय. म्हणजे स्विच बंद पण आकडा दोन महिने ताडपत्रीखाली चालूच, अंधारात, बघायला कोणी नाही. त्याने मोजलं तर ४० मिलिअँपिअर. रोजचा जवळपास १ अँपिअर अवर, बंदीचे ६१ दिवस, आणि बॅटरी ठेवली तेव्हाच अर्धी होती. हिशोब तुम्हीच करा.

आता माझं म्हणणं दोनच गोष्टी आहेत. एक, मच्छीमार सोसायट्यांनी झोपलेली बॅटरी उठवणारा एक लिथियम चार्जर आणि एक मीटर घ्यावा आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सगळ्यांच्या बॅटऱ्या तपासाव्यात. डिझेलसाठी रांग लावतो तशी याला पण लावू. विकणाऱ्यांनी पण बॅटरीबरोबर मराठीत एक कागद द्यावा, माझ्या खोक्यात इंग्रजी आणि चिनी होतं. दुसरं, ज्या खरंच गेल्या त्या द्यायच्या कुठे? २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, पण दुकानात विचारलं तर खांदे उडवतात. आमच्याकडे अशा दोन-तीन नुसत्या पडव्यांत पडल्यात, पोरं खेळतात तिथेच.

हे पत्र आत्ता छापलंत तर छापा, पण खरं म्हणजे मे च्या शेवटी परत छापा, होड्या वर ओढायच्या आधी. मी पुढच्या बंदीत बॅटरी घरी आणणार, अर्धी-पाऊण चार्ज ठेवून दोन्ही वायरी काढून टर्मिनलला टेप लावून फळीवर, चुलीपासून लांब, आणि जुलैत एकदा मीटर लावणार. यूएसबी सॉकेट स्विचच्या पलीकडे घेतलंय. बायको म्हणते काढूनच टाका, पण तो निळा आकडा मला आवडतो.

आपला,
एक होडीवाला
हर्णै, ता. दापोली