ताई, साखरेची एक पुडी अजूनही टोपलीत असते

प्रिय ताई,

सकाळी साडेसहाला तुम्ही स्वयंपाकाला येता तेव्हा मुलाचा डबा, नळाचं पाणी, कुकरच्या शिट्ट्या या गडबडीत आपलं दोन शब्द धड बोलणं होत नाही. म्हणून हे पत्र. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण "साखर आटोक्यात आणायला काय केलंस गं, कोणत्या डॉक्टरकडे गेलीस?" असं गेले अकरा महिने जी ती विचारते. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. पण घरात रोज उभं राहून हे माझ्याकडून करून घेतलं ते तुम्ही. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

मागच्या वर्षी दसरा झाला आणि माझा रिपोर्ट आला. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ७.१. साडेसहाच्या वर गेलं की डायबिटीस, एवढं मला माहीत होतं. आईचं सगळं मी जवळून पाहिलं होतं. वय ४६, वजन ७४ किलो, दिवसभर खुर्चीत बसून फायली. आहाराचा एक छापील कागद हातात मिळाला होता. त्यावर ओट्स, क्विनोआ, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. तो कागद ओट्यावर ठेवून मी रडले, ते तुम्ही पाहिलंत. हात पुसून तुम्ही तो उचललात, सावकाश वाचलात आणि म्हणालात, "हे आपल्या घरी कोण खाईन ताई? काय कमी करायचं ते सांगा. काय खायचं ते मी पाह्यते."

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशोब केला. एका मध्यम पोळीत साधारण १५ ते १८ ग्रॅम कार्बोहायड्रेट. वाटीभर शिजलेल्या भातात ४० ग्रॅमच्या आसपास. सकाळचे तर्री पोहे, दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, दोन वेळच्या मिळून सहा पोळ्या, वर भात, संध्याकाळी ऑफिसातली बिस्किटं. सगळं मिळून तीनशेच्या घरात जात होतं. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहिलं तर त्याला लो-कार्ब म्हणतात, आणि डॉक्टरांनी मला तेवढ्यातच बसवायला सांगितलं होतं. भाकरीने भागेल असं मला वाटत होतं. पण ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही सत्तरेक ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता उरलं काय खायला?

काय उरलं ते तुम्ही ताटात वाढून दाखवलंत. डाळभाजी तीच, फक्त पालक दुप्पट आणि डाळ मूठभर. अंबाडीची भाजी कण्या न घालता, लसणाची फोडणी जरा सढळ. वांग्याचं भरीत, त्यावर कच्चा कांदा आणि भरपूर सांबार (कोथिंबीर). रविवारी सावजी रश्श्यात दोन उकडलेली अंडी, रोज ताटाच्या कडेला जवसाची चटणी आणि अर्धी भाकर. आधी भाजी खा, मग अंडं किंवा पनीर, भाकर शेवटी, हा क्रमही तुम्हीच लावून दिलात. ज्वारी-जवस आपल्या विदर्भात काय कमी आहे? पण त्यातलं किती आणि कशाच्या सोबत, हे मला ४६ वर्षांत कोणी असं समोर बसवून दाखवलं नव्हतं.

आणि तो गोळाभात. माझा जीव गोळाभातात आहे हे तुम्हाला माहीत होतं. एका शनिवारी तुम्ही फुलकोबी किसलीत आणि थोडं पाणी घालून शिजवलीत. तिची लापशी झाली. मी म्हटलं, जाऊ द्या. तुम्ही काही बोलला नाहीत. पुढच्या शनिवारी किसलेली कोबी सुती फडक्यात घट्ट पिळलीत, लोखंडी कढईत पाण्याचा थेंब न घालता मोठ्या आचेवर परतलीत, मोकळी होईपर्यंत. चण्याच्या डाळीचे चारच गोळे, चाळणीवर वेगळे वाफवून त्यावर ठेवलेत. मग मोहरी, हिंग आणि लाल मिरचीचं कडकडीत तेल माझ्या ताटात गोळ्यावर ओतलंत. चर्र आवाज झाला आणि तो वास थेट माझ्या आजीच्या पुलगावच्या घरातला होता. भाताची चव कोबीला येत नाही, ते खरंच. पण त्या दिवशी मला ताटावरून उपाशी उठल्यासारखं वाटलं नाही, आणि मी हे निभावू शकेन असं पहिल्यांदा वाटलं.

पहिल्या आठवड्यात माझं डोकं फार दुखायचं, पाय गळून जायचे. खाणं सोसत नाही असं समजून मी सोडायला निघाले होते. तुम्ही मठ्ठ्याचा पेला पुढे केलात, त्यात नेहमीपेक्षा जास्त मीठ. नंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं: पिष्टमय खाणं एकदम कमी झालं की शरीरातलं इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, म्हणून डोकं धरतं. माझं बीपी नॉर्मल असल्याने त्यांनी मिठाला हरकत घेतली नाही. बीपी किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी असं परस्पर करू नये, हेही त्यांनी बजावलं.

आता सायकलचं.

तुम्ही पाच घरी स्वयंपाक करता आणि पाचही घरी तुमच्या काळ्या लेडीज सायकलवर जाता. मी सात वर्षं ती आमच्या फाटकाला टेकलेली पाहत होते. "ताई, तुमचं ऑफिस सात किलोमीटर. मी रोज बारा करते," असं तुम्ही नोव्हेंबरमध्ये म्हणालात तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. जिन्याखाली लेकीची जुनी सायकल धूळ खात होती. तिचे टायर तडकले होते, वॉलट्यूबचं रबर चिकट होऊन गळत होतं. तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून तुम्ही ती ओव्हरऑइल करून आणलीत, चाकाची आउट काढून घेतलीत, समोर टोपली लावलीत. शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील.

नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) मैदानावर पहाटे साडेपाचला तुम्ही यायचात, कामाला जायच्या आधी, स्वतःची झोप मोडून. मी भीतीने सीट खाली करून घेतली होती, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. चार दिवसांत गुडघे ठणकायला लागले. तुम्ही पिशवीतून पाना काढलात. "टाच पेडलवर ठेवा. पेडल खाली गेलं का पाय सरळ झाला पाहिजे. मंग चवड्यानं चालवा, गुडघा जरासा वाकलेला राह्यते." मला एकदम उंच जमणार नाही हे ओळखून तुम्ही दर दोन दिवसांनी सीट बोटभर वर केलीत. दहा-बारा दिवसांत ती जागेवर आली आणि गुडघे दुखायचे थांबले.

रस्त्यावर पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या पुढे होतात. प्रतापनगर, बजाजनगर, शंकरनगर चौक, लॉ कॉलेज चौक, पुढे सिव्हिल लाइन्सची झाडं. आपल्या सिमेंट रोडच्या कडेला, सिमेंट संपून गट्टू (फरशीचे ठोकळे) सुरू होतात तिथे जी फट असते, तिथे मी दोनदा पडता पडता वाचले. बस मागून हॉर्न द्यायची आणि मी घाबरून तिरपी बाजूला व्हायची, चाक नेमकं फटीत. तुम्ही थांबून त्या फटीवर बोट ठेवून दाखवलंत: "हे तिरपी नका काटू. आधी हात दाखवा, हँडल सरळ करा, मंगच चढा. अन् बसवाला किती बी भोंगा वाजवो, कडेला नका घुसू, वीतभर रस्ता आपला ठेवा." आजही प्रत्येक फटीला मला ते बोट दिसतं. पदर कमरेला खोचून पिन लावायची, ओढणी असेल तर चेनपासून लांब गाठ मारायची, हेही तुमचंच.

आणि आता ती पुडी. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. भात पूर्ण बंद केलेला, सकाळी साखर उतरवणारी गोळी घेतलेली, पोटात एक अंडं, आणि मी सायकलवर. शंकरनगर चौकाच्या अलीकडे हात थरथरायला लागले. थंडीत घाम, डोळ्यांपुढे अंधारी, छाती धडधडते. सायकल भिंतीला टेकवून मी फुटपाथवर बसले. टोपलीत डब्याखाली तुम्ही कागदाची एक पुडी ठेवली होती आणि आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "माह्या सासूले गोळीनं असंच घाम येऊन राहायचा. हातपाय कापले तर विचार नका करू, साखर तोंडात टाका." तीन चमचे साखर होती. मी ती तशीच कोरडी खाल्ली, पाणी प्यायले, पंधरा मिनिटं बसून राहिले. मग हात थांबले. दुपारी तुम्हीच मला दवाखान्यात पाठवलंत. डॉक्टर आधी रागावले, कारण भात पूर्ण बंद करताना आणि सायकल सुरू करताना मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चालत्या स्नायूंना रक्तातली साखर उचलायला इन्सुलिनची तितकी गरज लागत नाही, त्यात खाणं कमी आणि गोळीचा डोस जुनाच, मग साखर फार खाली जाणारच. त्यांनी गोळी निम्मी केली, फेब्रुवारीत बंद केली. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ज्या बहिणी हे वाचत असतील, त्यांनी ताट आणि सायकल दोन्ही बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावं. माझं थोडक्यात निभावलं ते त्या पुडीमुळे.

फेब्रुवारीत एचबीएवनसी ६.४, ऑगस्टमध्ये ५.९. आपल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. आदल्या दोन दिवसांच्या पथ्याने ती बदलत नाही. म्हणून मला त्या आकड्याचं मोल वाटतं. वजन ६६. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा मी सकाळी लवकर निघायची आणि सूर्य कलल्यावरच परतायची, दुपट्टा तोंडाला बांधून, पर्समध्ये कांदा. पावसात काही दिवस शहरातल्या 'आपली बस'ने गेले.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली आणि त्याचं वाईट वाटतं. पोळ्या लाटायला लागतो त्यापेक्षा भाज्या निवडायला, चिरायला, कोबी किसायला जास्त वेळ लागतो. त्यात घरातल्या बाकीच्यांचा भात-वरणाचा स्वयंपाक वेगळा. तुम्ही रोज वीस-पंचवीस मिनिटं जास्त थांबत होतात आणि पुढच्या घरी धावत जात होतात. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मी तीन महिन्यांनी पगार वाढवला, तो पहिल्याच दिवशी वाढवायला हवा होता. मागची बाकी मी दिली तेव्हा तुम्ही संकोचलात. संकोचू नका, ते तुमच्या कष्टाचे होते.

परवा पोळ्याला तुम्ही घरच्यांसाठी पुरणपोळ्या केल्यात आणि माझ्या ताटात अर्धी वाढलीत, वर तुपाची धार. "सणाची अर्धी खा, रोजची नाई," म्हणालात. संध्याकाळी मी फुटाळ्यापर्यंत सायकल नेली. तलावाच्या काठावर बसून मला आई आठवली. तिला शेवटी पायाचं बोट गमवावं लागलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात तुमच्यासारखं कोणी असतं तर, असं सारखं मनात येत राहिलं. ताई, मी तुमची मनापासून ऋणी आहे.

मी विचारलं होतं, तुम्हाला काय देऊ? साडी नको म्हणालात, सायकलचे नवे टायर मात्र मी ऐकलं नाही, ते बसवलेच. मग तुम्ही एकच गोष्ट मागितलीत: माझ्या दोन्ही रिपोर्टची झेरॉक्स. तुमच्या वस्तीत चार बायकांना साखर आहे, त्यांना आकडे दाखवायचे आहेत, आणि नाव खोडू नका म्हणालात, म्हणजे कोणाचं तरी खरंखुरं आहे हे त्यांना पटेल. पाच प्रती काढल्या आहेत. पहिल्या रिपोर्टवर दसऱ्यानंतरची तारीख आहे, दुसऱ्यावर ऑगस्टची. उद्या सकाळी तुमच्या सायकलच्या टोपलीत ठेवते, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाचं काही सांगता येत नाही.

तुमची,
प्रतापनगरची ताई