मांजराची लाळ गळतेय? इंजेक्शनवर भागवू नका

संपादक महोदय,

ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या आवारातल्या मांजरांना खाऊ घालणारे बरेच आहेत. पण एखादं मांजर लाळ गाळू लागलं, की ‘काटा अडकला असेल’ म्हणून विषय संपतो. नीट पाहा. ते भुकेलं येतं, घास तोंडात घेतं आणि फिस्कारत मागे पळतं. हनुवटी चिकट असते, अंग चाटणं थांबल्याने केसांच्या गाठी झालेल्या असतात. हिरड्या लाल दिसतातच. खरी खूण मात्र घशाजवळ, दाढांच्या मागे असते. तिथलं लालभडक, दाणेदार मांस धक्का लागला तरी रक्ताळतं. हा जुनाट मुखदाह. दातांवरच्या किटणाविरुद्ध प्रतिकारशक्तीच अती चवताळते. मांजरांना सर्दी आणि तोंडात फोड आणणारा कॅलिसी विषाणूही अनेकदा सापडतो.

यावर दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन सर्रास दिलं जातं. मांजर जेवू लागतं, सगळे खूश! पुढे गुण टिकण्याचे दिवस घटत जातात आणि वारंवार टोचल्यास मधुमेह जडू शकतो. अँटिबायोटिकचा उतारही तात्पुरताच.

मुख्य इलाज म्हणजे सगळ्या दाढा, म्हणजे ३० पैकी १४ दात, काढणं. सुळे निरोगी असतील तर ठेवता येतात. साधारण दोन तृतीयांश मांजरं बरी होतात किंवा पुष्कळ सुधारतात, पण त्याला काही महिने लागू शकतात. बाकीच्यांना औषधं चालू ठेवावी लागतात. मूळ तुटून आत राहिलं तर दाह शमत नाही. म्हणून दातांचा एक्स-रे काढणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. भुलीआधी मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी, तसंच एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू) आणि मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची चाचणी करून घ्यावी. दाढांवाचून उपासमार होईल ही भीती फुकाची आहे. मऊ खाणं ती छान खातात, पुढे कोरडे दाणेही गिळतात.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटॅमॉल देऊ नका, मांजर दगावतं. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचते, तेव्हा थांबू नये.

आणखी एक. निर्बीजीकरणासाठी मांजराला भूल दिलेलीच असते. त्याच वेळी जबडा उघडून घशाकडचा भाग पाहायला मिनिटभर पुरतं. शिबिरं भरवणाऱ्यांनी ती नोंद कार्डावर करून खाऊ घालणाऱ्याच्या हाती द्यावी.

– मांजरांची देखभाल करणारे काही रहिवासी, नेरुळ