रविवारची बैठक, परत आठवण

मंडळी, रविवारी सकाळी १० ला जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळ नेहमीच्या हॉलवर जमायचंय, विषय एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, अभ्यासक्रम ठरवतं कोण. खडकवासल्याला पदवी जेएनयूची, शिकवणारे सिव्हिलियन प्राध्यापक यूपीएससीतून येतात आणि सगळ्यांच्या वर कमांडंट, म्हणजे वर्दीतला अधिकारी, आता आपल्या विद्यापीठात विद्या परिषदेवर, म्हणजे अभ्यासक्रमाचे निर्णय घेणाऱ्या मंडळावर, निवडून जाऊन भांडता तरी येतं, तिथं शेवटचा शब्द कोणाचा? माझ्या मते खरा वाद हाच आहे. मुलींना प्रवेशसुद्धा सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशानं मिळाला, पहिली बॅच २०२२ ला गेली. अमळनेर-नंदुरबारवाल्यांनी गाडीचा टाइम बघून निघा भो. भरीत-पुरीची ऑर्डर द्यायचीय, येणार का ते शुक्रवारपर्यंत इथंच लिहा, नुसता अंगठा नको.