गच्चीवरच्या कुरडया वाचवणाऱ्यांचे आभार

मंगळवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ज्यांनी कुणी धावपळ केली, त्यांचे मनापासून आभार.

तीन दिवस भिजवलेल्या 5 किलो गव्हाचा चीक, पहाटे उठून शिजवलेला. कुरडया घालून मी दवाखान्यात गेले आणि कर्वे रस्त्यावर रिक्षात असतानाच वळीव कोसळला. संपलं सगळं, म्हटलं.

येऊन बघते तर जिन्याच्या माथ्यावर, जुन्या खाटेवर माझी साडी कुरडयांसकट जशीच्या तशी पसरलेली, वर कुणाची तरी निळी चादर. ओली कुरडई हाताने उचलली की मोडते, हे ठाऊक असलेलं माणूसच साडीची चारी टोकं ताणून धरतं. म्हणजे तुम्ही किमान चौघं होतात. (कडेच्या सहा-सात गायब आहेत. सुट्टीला आलेल्या पोरांनी ओल्याच खाल्ल्या असाव्यात. खाऊ देत.)

वॉचमनकाकांना विचारलं, तर ते नुसते हसतात.

चादर धुऊन ठेवली आहे. शुक्रवारी संध्याकाळी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, आंब्याची डाळ आणि पन्हं भरपूर करतेय. चादरवाल्यांनी जरूर यावं. पुरुषमंडळींनीही, पन्ह्याला कोण अडवतंय!