पाटी लावण्याआधी फांदी हातात घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक बागांमध्ये आणि शाळांच्या आवारांत झाडांवर नावाच्या पाट्या लावल्या जात आहेत, ही समाधानाची बाब आहे. मात्र कोल्हापुरातील एका बागेत सुरूच्या झाडावर ‘पाइन’ अशी पाटी लावलेली पाहिली आणि हे पत्र लिहावेसे वाटले. पान सुईसारखे बारीक आणि फळ शंकूसारखे दिसले की झाड सूचीपर्णी ठरवून मोकळे व्हायचे, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्यातून शाळेची वहीही सुटत नाही आणि रोपवाटिकेतील फलकही सुटत नाही.

सुरू, म्हणजेच खडशेरणी, हा सपुष्प, म्हणजे फुले-फळे धरणारा वृक्ष आहे; पाइन-देवदारासारख्या सूचीपर्णी झाडांना खरी फुले-फळे येत नाहीत. आपण ज्याला सुई म्हणतो ती त्याची पेरे असलेली हिरवी डहाळी असते. ती दोन्ही बाजूंनी धरून हलकेच ओढली की पेरापाशी सुटते आणि तेथे भिंगातून सहा ते आठ सूक्ष्म दातांचे एक कडे दिसते. ते दात हीच सुरूची खरी पाने. त्याचे काटेरी, लाकडी बोंडही शंकू नव्हे, तर अनेक फळांचा एकत्र झालेला गुच्छ असतो. त्यातील प्रत्येक लहान चोच उघडली की पंख असलेले एक फळ बाहेर पडते. खऱ्या शंकूत बी फळाच्या आत बंद नसते, ते खवल्यावर उघडे असते. हा फरक तळहातावर ठेवून दाखवता येतो आणि त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. कोकणच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना तर सुरूची बोंडे वाटेल तेवढी मिळतात.

खऱ्या सूचीपर्णी वृक्षांची ओळखही झाडाच्या एकूण आकारावरून करू नये, कारण दाटीत वाढलेले आणि मोकळ्यावर वाढलेले एकच झाड वेगवेगळे दिसते. सुई फांदीला कशी जोडलेली आहे, हे आधी पाहावे. पाइनच्या सुया जुडग्यांनी येतात व जुडग्यातील सुयांची संख्या मोजता येते: हिमालयातील चीड पाइनच्या जुडग्यात तीन सुया असतात व त्या वीस ते तीस सेंटिमीटर लांब भरतात, तर त्याहून उंचावर आढळणाऱ्या निळ्या पाइनच्या जुडग्यात पाच, बारीक आणि लोंबत्या. सुक्यामेव्याच्या दुकानातील महागडा चिलगोजा ज्या पाइनचे बी आहे, त्याच्याही जुडग्यात तीनच सुया असतात, पण त्या आखूड असतात आणि त्या झाडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. देवदाराच्या सुया आखूड कोंबांवर झुबक्यांनी येतात, मात्र लांब वाढणाऱ्या फांदीवर त्या एकेकट्या असतात, म्हणून एकच डहाळी पाहून निकाल देऊ नये. फर आणि स्प्रूस यांच्या सुया नेहमीच एकेकट्या. त्यांतील फरची सुई चपटी असते व गळून गेल्यावर फांदीवर गोल, सपाट वण राहतो. आपल्या हिमालयातील स्प्रूसची सुई चौकोनी असल्यामुळे बोटांत सहज फिरते आणि ती पडल्यावर फांदीला खुंटीसारखा उंचवटा राहून फांदी खरखरीत लागते.

शंकूंचे तसेच. फर आणि देवदार यांचे शंकू फांदीवर उभे असतात व झाडावरच सुटे होऊन विखुरतात. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात आणि अखंड गळून पडतात. सिमला-मनालीहून आपली मंडळी जे ‘लाकडी गुलाब’ हौसेने घेऊन येतात, ती देवदाराच्या शंकूची शेंड्याकडील खवले असतात, अखंड शंकू नव्हे.

ही झाडे येथे नाहीत, मग त्यांचा अभ्यास कशाला, असे कोणी म्हणेल. कोल्हापूर जिल्ह्याच्या सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या वाढणारा एकही सूचीपर्णी वृक्ष नाही, हे खरे आहे. द्वीपकल्पीय भारतात मूळचा असा वृक्ष एकच, तो केरळ-तमिळनाडूच्या घाटात आढळणारा नागेया. आणि गंमत म्हणजे त्याला सुयाही नाहीत आणि लाकडी शंकूही नाही, पान चांगले रुंद असून त्याला मध्यशीर नसते. पण लावलेली झाडे आपल्या अंगणात आहेतच. मोरपंखीच्या चपट्या, उभ्या पंख्यांवर खवल्यांसारखी इवली पाने एकमेकांवर बसलेली असतात आणि तिच्या कोवळ्या, निळसर शंकूच्या खवल्यांना बाकदार आकडे असतात. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकला जाणारा वृक्ष बहुधा अरौकेरिया असतो. त्याची कोवळी पाने टोकदार व पसरट, तर जुनी पाने आत वळून फांदीला घट्ट चिकटलेली असतात, म्हणून एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन झाडांच्या वाटतात. या कुळातील, केवळ नावाने पाइन असलेला कुक पाइन विषुववृत्ताच्या दिशेने कलतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. विषुववृत्तापासून दूर जावे तसा हा कल वाढतो. कोल्हापूर सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथे तो बेताचाच असणार, पण ज्यांच्या बंगल्यासमोर असे उंच झाड आहे त्यांनी ते दक्षिणेकडे झुकले आहे का, हे एकदा होकायंत्र घेऊन जरूर पाहावे.

पाट्या लावणाऱ्या संस्थांना माझी एवढीच विनंती आहे की, नाव लिहिण्यापूर्वी खाली पडलेली एक डहाळी आणि एक फळ वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवावे, आणि पाटीवर झाडाचे मूळ स्थानही नमूद करावे: सुरूसाठी आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया, मोरपंखीसाठी चीन, कुक पाइनसाठी न्यू कॅलेडोनिया. आधीच लागलेल्या चुकीच्या पाट्या येत्या शैक्षणिक वर्षाच्या आत बदलता आल्या तर उत्तम.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर